साधेपणा कुणाला परवडतो? जपानी दुकान आणि पालघरचा बौद्ध तरुण

सफाळे हे दोन दिशांना जाणाऱ्यांचं स्टेशन आहे. दक्षिणेकडची गाडी विरार ओलांडून मुंबईत जाते, उत्तरेकडची बोईसरला, तारापूर एमआयडीसीच्या दारात. आपल्या समाजातले तरुण या दोन्ही गाड्यांमध्ये आहेत. कुणी मुंबईच्या मॉलमध्ये काउंटरवर उभा राहतो, कुणी आयटी कंपनीत बसतो, कुणी बोईसरला ठेकेदाराच्या हजेरीवर आठ-बारा तास काढतो. या सगळ्यांच्या मोबाइलवर गेल्या काही वर्षांत एक चित्र वारंवार दिसू लागलं आहे. पांढरी भिंत, हलक्या रंगाचं लाकडी टेबल, त्यावर एक खाकी वही, एक काळं पेन, एक रोपटं आणि कोपऱ्यात बुद्धाचं छोटं शीर. खाली लिहिलेलं असतं: मिनिमल, झेन, जपानी.

या चित्राची आम्ही थट्टा करणार नाही. त्यातली ओढ खरी आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. पण या चित्रात बुद्ध ठेवलेला आहे. त्यामुळे बौद्ध म्हणून काही प्रश्न विचारणं आपल्याला भाग आहे. हा साधेपणा कुठून आला? तो कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या हातांवर उभा आहे? आणि त्याचा धम्माशी संबंध किती?

दुकान आलं कुठून

जपानी साधेपणाचं सगळ्यांत ओळखीचं दुकान म्हणजे मुजी. पूर्ण नाव मुजिरुशी र्योहिन. अर्थ साधारण असा, की छाप नसलेला चांगला माल. १९८० साली सेइयु या जपानी सुपरमार्केट साखळीने चाळीस वस्तूंपासून ही मालिका सुरू केली. १९८३ मध्ये टोकियोच्या आओयामा भागात तिचं पहिलं स्वतंत्र दुकान निघालं. त्या काळात जपानमध्ये परदेशी ब्रँडचं वेड शिगेला पोहोचत होतं. त्यावर या मंडळींनी उलटी भूमिका घेतली. माल साधा ठेवायचा, प्रक्रिया कमी करायची, वेष्टन कमी करायचं आणि या तिन्हींमुळे किंमत खाली आणायची. तुटलेले वाळवलेले मशरूम चवीला सारखेच असतात, मग ते फेकायचे कशाला, अशी त्यांची विक्री होती. कागद पांढराशुभ्र करण्याची पायरी गाळली की कागद स्वस्त पडतो, म्हणून वह्या पिवळसर. तो खाकी रंग मुळात काटकसरीचा रंग होता. त्यांच्या जाहिरातीचा गाभाच असा होता, की आमचा माल स्वस्त आहे आणि त्याला कारण आहे.

भारतात हे दुकान २०१६ साली रिलायन्सच्या भागीदारीत आलं. पहिली जागा मुंबईत लोअर परळला, पॅलेडियम मॉलमध्ये. आयात, मॉलचं भाडं आणि उच्च मध्यमवर्गीय गिऱ्हाईक या तिन्हींनी मूळ गणित उलटं झालं. जपानमध्ये रोजच्या वापराची असलेली वही इथे भेट देण्याची वस्तू झाली. काटकसरीचा खाकी रंग ऐपतीचा रंग झाला.

ज्यांना तेवढं परवडत नाही त्यांच्यासाठी बाजाराने दुसरी सोय केली. मिनिसो हे नाव आता लहान शहरांतही माहीत आहे. अनेकांना ते जपानी वाटतं. प्रत्यक्षात ती २०१३ मध्ये स्थापन झालेली चिनी कंपनी आहे. जपानी असल्यासारखं स्वतःला सादर केल्याबद्दल ऑगस्ट २०२२ मध्ये तिने चीनमध्ये जाहीर माफी मागितली. म्हणजे 'जपानीपणा' हीच विकण्याची वस्तू आहे. माल कुठे बनला हा प्रश्न नंतरचा.

ओढ खोटी नाही

आपल्या तरुणांना हे का आवडतं, याचं उत्तर केवळ जाहिरात असं देऊन चालणार नाही.

पहिलं कारण घर. एका खोलीत पाच माणसं, लोखंडी कपाटावर बॅगा, बॅगांवर गाद्या, दाराच्या मागे सगळ्यांचे कपडे. अशा घरात वाढलेल्या मुलीला रिकामं टेबल हे चैनीपेक्षा जास्त काही वाटतं. अभ्यासाला स्वतःची जागा असणं, हे तिचं स्वप्न असतं. चाळीतल्या त्या एका फळीला कुणी मिनिमल म्हणत नाही. तिला गरिबी म्हणतात. तीच फळी ओक लाकडाची झाली आणि भोवती तीनशे चौरस फूट मोकळी जागा आली की तिला सौंदर्यदृष्टी म्हणतात. वस्तू तेवढ्याच आहेत. फरक जागेचा आणि निवडीचा आहे. ज्याच्याकडे असून तो ठेवत नाही, त्याचा साधेपणा दिसतो. ज्याच्याकडे नाहीच, त्याचा कुणी मोजत नाही.

दुसरं कारण अधिक खोल आहे, असं आम्हाला वाटतं. या दुकानातल्या वस्तूंवर नाव नसतं. छाप नसते. ज्या समाजातल्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीत, भाड्याच्या खोलीसाठी, कॉलेजच्या पहिल्या दिवशी 'पूर्ण नाव?' असं विचारलं जातं, त्याला निनावीपणाचं आकर्षण वाटणं स्वाभाविक आहे. इथे पेन लिहून बघायला कोरा कागद ठेवलेला असतो. आडनाव कुणी विचारत नाही. काही मिनिटं का होईना, माणूस फक्त गिऱ्हाईक असतो.

पण बाजारातली समता पाकिटावर ठरते, हे बाहेर पडताना कळतं. आणि बिनछाप वस्तू विकणारं दुकान स्वतःच जगातली एक मोठी छाप झालेलं आहे, हेही विसरता येत नाही.

ज्या जमिनीवर हे उभं आहे

लोअर परळच्या त्या मॉलची जमीन फिनिक्स मिलची. गिरणगावाचा इतिहास आपल्या घराघरांत आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मेल्या आणि त्यांच्या जागी मॉल, कार्यालयं आणि उंच इमारती आल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या तरुणांना त्याच्याही आधीची गोष्ट माहीत असली पाहिजे.

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात, म्हणजे जिथे मजुरी चांगली मिळायची तिथे, अस्पृश्यांना काम मिळत नसे. कारण असं, की धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. सगळ्या कामगारांचं हित एकच आहे असं म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलं, की मग आमच्या माणसांना विणकाम खातं बंद का?

आज त्याच लोअर परळमध्ये साधं, बिनरंगी सुती कापड चढ्या भावाने विकलं जातं. या कापडाला वस्त्रोद्योगाचा जुना प्रश्न सुटलेला नाही. २०१९ मध्ये मुजीने चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या कापसाची जाहिरात केली. तिथे उइघुर मुसलमानांकडून सक्तीने काम करून घेतलं जातं असे आरोप होत असल्याने जगभर टीका झाली. कापड कितीही साधं असलं तरी ते कुणी वेचलं, कुणी विणलं हा प्रश्न त्याला चिकटलेलाच असतो. ज्यांच्या आजोबांना धाग्याला हात लावू दिला नाही, त्यांनी तरी तो विचारला पाहिजे.

झेनच्या पांढऱ्या भिंतीमागे

जपानशी आपलं नातं जिव्हाळ्याचं आहे आणि ते राहिलं पाहिजे. जपानमधून १९६०च्या दशकात भारतात आलेले भदंत सुरई ससाई नागपूरचे झाले, भारतीय नागरिक झाले, बोधगया मुक्ती आंदोलनाचं नेतृत्व त्यांनी केलं. कामठीचं ड्रॅगन पॅलेस जपानी उपासिकेच्या दानातून उभं राहिलं. २०१५ मध्ये जपानच्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा बसला. हे सगळं आपण अभिमानाने सांगतो.

मात्र जपानी बौद्ध धर्म म्हणजे शांत बाग आणि रिकामी खोली एवढंच नाही. जपानमध्ये बुराकुमिन नावाचा समाज आहे. जनावरं कापणं, कातडी कमावणं, मृतांशी संबंधित कामं करणं या व्यवसायांमुळे त्यांना शतकानुशतकं अस्पृश्यासारखं वागवलं गेलं. १८७१ च्या सरकारी आदेशाने त्यांचा कनिष्ठ दर्जा कायद्याने संपला. लग्न, नोकरी आणि वस्तीतला भेदभाव मात्र चालू राहिला. आणि बौद्ध मंदिरांनी या भेदभावाची नोंदवही सांभाळली. जपानमध्ये माणूस मेल्यावर मंदिर त्याला धार्मिक नाव देतं. बुराकु माणसाच्या या नावात जनावर, कातडं, दास अशा अर्थाची अक्षरं घातली जात. त्यांच्यासाठी वापरला गेलेला एक शब्द होता 'सेंदारा'. तो आपल्या 'चांडाळ' या शब्दाचा जपानी उच्चार आहे. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांबरोबर हा शब्द भारतातून चीनमार्गे तिथे पोहोचला. मेल्यानंतरही जात सोडत नाही, याचा हा जपानी पुरावा.

१९७९ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला भरलेल्या जागतिक धर्म आणि शांतता परिषदेत सोतो झेन पंथाच्या एका सर्वोच्च पदाधिकाऱ्याने जपानमध्ये असा भेदभाव नाहीच असं सांगितलं. बुराकु मुक्ती चळवळीने हा विषय सोडला नाही. शेवटी त्यांना विधान मागे घ्यावं लागलं, माफी मागावी लागली आणि पंथाला आपल्या मंदिरांतल्या नोंदी, मरणोत्तर नावं तपासायला घ्यावी लागली.

याची दुसरी बाजूही आहे. ३ मार्च १९२२ रोजी क्योटोमध्ये बुराकु समाजाने सुइहेइशा ही आपली संघटना स्थापन केली. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची हे एका बुराकु बौद्ध मंदिराच्या घरात जन्मले होते. आम्हाला दया नको, आम्ही स्वतःच स्वतःला मुक्त करू, ही त्यांची भूमिका. महाडचा सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ ला झाला. जपानकडून आपल्याला काही घ्यायचंच असेल तर टेबलाच्या मांडणीआधी हा इतिहास घ्यावा.

सोपाऱ्याचं पात्र

कमी वस्तूंत जगण्याची शिकवण घ्यायला पालघरच्या माणसाला टोकियोला जावं लागत नाही. सफाळ्याच्या दक्षिणेला तिसरं स्टेशन नालासोपारा. तिथल्या स्तूपाचं उत्खनन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केलं. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच मिळाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी होती. तिच्या आत तांब्याच्या, चांदीच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या आणि सोन्याच्या एकात एक ठेवलेल्या डब्या. सगळ्यांत आत मातीच्या भांड्याचे लहान तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले.

आपल्या प्रश्नासाठी ही रचना फार बोलकी आहे. भिक्खूजवळ आठ वस्तू असाव्यात असा दंडक होता. तीन चीवरं, पात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचं फडकं. यातली एकही वस्तू सजावटीची नाही. पात्र तर रोज दुसऱ्याच्या दारात नेण्याची वस्तू. ते रिकामं असण्यात सौंदर्य नव्हतं, लोकांशी रोजचं नातं होतं. भिक्खू जे मिळेल ते खाणार, कुणाच्याही घरचं खाणार, जात विचारणार नाही. त्या मातीच्या तुकड्यांवर श्रद्धेने सोनं चढवलं हे समजू शकतं. पण बाजार जेव्हा पात्र काढून घेतो आणि फक्त डबी विकतो, तेव्हा आपण ओळखलं पाहिजे.

विनयपिटकात आनंद आणि राजा उदेन यांचा एक संवाद आहे. राण्यांनी पाचशे चीवरं दान दिली, तेव्हा राजाला शंका आली की इतक्या कापडाचं हा भिक्खू करणार काय? आनंदाचं उत्तर असं, की चीवरं जुनी झालेल्यांना ही वाटू. जुन्या चीवरांच्या चादरी करू, चादरी जीर्ण झाल्या की बसायच्या आणि पाय पुसायच्या चिंध्या, आणि त्याही झिजल्या की कुटून मातीत कालवून भिंत लिंपू. आपल्या आज्यांच्या गोधड्यांचं शास्त्र हेच आहे. इथे वस्तू कमी असण्यापेक्षा ती वाया न जाणं आणि ती संघात वाटली जाणं महत्त्वाचं.

आणि हे भिक्खूंसाठी. गृहस्थांसाठी बुद्धाने दारिद्र्याचा गौरव केला नाही, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये ठासून मांडलं. अनाथपिंडिकाला बुद्धाने गृहस्थाची चार सुखं सांगितली. न्यायाने मिळवलेली संपत्ती असण्याचं सुख, ती उपभोगण्याचं आणि दान करण्याचं सुख, कर्ज नसण्याचं सुख आणि निर्दोष वागण्याचं सुख. यातलं तिसरं सुख आज मोबाइल, गाडी आणि सोफा हप्त्यावर घेणाऱ्या घरांनी पुन्हा वाचावं असं आहे. स्वतः बाबासाहेब उत्तम सूट घालत, पेनांचे शौकीन होते आणि पुस्तकांसाठी त्यांनी दादरला राजगृह बांधलं. ज्या समाजाला नवं कापड घालायची आणि धातूची भांडी वापरायची बंदी होती, त्याने चांगलं नेसणं हे बंड होतं. म्हणून आपल्या तरुणाने चांगली वही घेतली तर त्याला कुणी त्यागाचं प्रवचन देऊ नये.

जपान पालघरात आधीच आलेला आहे

जपानी स्टेशनरी म्हटलं की डोळ्यांपुढे मॉल येतो. पण कॅमलिनची कंपासपेटी आपल्या सगळ्यांच्या दप्तरात होती. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकरांनी शाईपासून सुरू केलेल्या या कंपनीचे बहुसंख्य समभाग २०११ मध्ये कोकुयो या जपानी कंपनीने घेतले. कोकुयो म्हणजे १९०५ मध्ये ओसाकात हिशेबवह्यांची पुठ्ठ्याची आवरणं बनवण्यापासून वाढलेली जपानची नामांकित वही कंपनी. कोकुयो कॅमलिनचा एक कारखाना तारापूर एमआयडीसीत आहे. म्हणजे सफाळ्याच्या मुलाला जपानी स्टेशनरी कंपनी बघायला चर्चगेटच्या दिशेने जायची गरज नाही. बोईसरला उतरलं की झालं.

त्याच औद्योगिक वसाहतीला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशात सर्वाधिक प्रदूषित ठरवलं गेलं, गुण ९३.६९. ११ जानेवारी २०२० ला तिथल्या एका रासायनिक कारखान्यातल्या स्फोटात माणसं मेली. साध्या, स्वच्छ, शांत वस्तूंचं जग ज्या रसायनांवर, रंगांवर, प्लास्टिकवर चालतं, ती बनवणाऱ्या पट्ट्यात आपण राहतो.

जपान आणखी एका रूपात इथे आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या खर्चाचा मोठा हिस्सा, सुमारे ८१ टक्के, जपानच्या ०.१ टक्का व्याजाच्या कर्जातून यायचा असं ठरलं. १४ सप्टेंबर २०१७ ला भूमिपूजन झालं. विरार आणि बोईसर अशी दोन स्थानकं पालघर जिल्ह्यात आहेत. जमीन मोजायला आलेल्यांना अनेक गावांनी अडवलं, ग्रामसभांनी ठराव केले. जिल्ह्याची ३७ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे आणि वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबांची जमीन यात गेली. ज्यांच्या घरात खरोखर मोजक्याच वस्तू आहेत, त्यांचं आयुष्य कुणी 'लाइफस्टाइल' म्हणून विकत नाही. त्यांच्याकडून मात्र उरलेलंही मागितलं जातं.

वही आणि पेन

आपल्याकडे स्टेशनरीची एक स्वतःची परंपरा तयार झाली आहे. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला हार, फुलं, मेणबत्त्या यांऐवजी 'एक वही, एक पेन' आणा, असं आवाहन चळवळीतल्या तरुणांनी केलं आणि गावोगाव लोकांनी ते उचललं. दोनशे पानी साधी वही आणि दहा रुपयांचं पेन. जगातल्या कुठल्याही डिझाइनरला सुचली नसेल इतकी साधी कल्पना. एका माणसाचं टेबल नीटनेटकं करण्याऐवजी ती दुसऱ्याच्या दप्तरात जाते.

ही परंपरा पुढे नेताना तीन गोष्टी व्हाव्यात असं आम्हाला वाटतं.

पहिली, जमलेल्या वह्यांचा हिशेब. किती जमल्या आणि कोणत्या शाळेत, कोणत्या आश्रमशाळेत पोहोचल्या, हे जाहीर व्हावं. सफाळे, मनोर, विक्रमगड, जव्हारच्या आदिवासी मुलांपर्यंत त्या जाव्यात. वही आपल्याच वस्तीत फिरत राहिली तर अभियान अर्धंच राहील.

दुसरी, जागा. रिकाम्या टेबलाची ओढ खरी असेल तर तिचं उत्तर विहारात आहे. दर रविवारी वंदनेला उघडणारं विहार आठवड्यातले इतर दिवस कुलूपबंद का असावं? चार लांब टेबलं, ट्यूबलाइट, पंखा आणि शांतता एवढ्यात अभ्यासिका होते. घरी ज्या मुलीला फळीसुद्धा मिळत नाही, तिच्यासाठी ते टेबल कुठल्याही जपानी फर्निचरपेक्षा मोलाचं आहे.

तिसरी, प्रश्न. जी वस्तू आपण घेतो ती कुणी बनवली, त्याला किती मजुरी मिळते, तो कायम आहे की ठेक्यावर, हे विचारायची सवय. तारापूरच्या गेटबाहेर उभे असणारे अनेकजण आपल्याच नात्यातले आहेत. त्यांना विचारायला फार लांब जावं लागणार नाही.

ज्याला आवडतं त्याने खाकी वही जरूर घ्यावी. तिच्यात काय लिहायचं हे मात्र दुकान सांगणार नाही. सेंदारा आणि चांडाळ हे शब्द एकाच मुळाचे आहेत, ही नोंद पहिल्या पानावर करायला हरकत नाही.

नमो बुद्धाय. जय भीम.